हडपसर–वारजे, व्हाया नलिनीताई

पुणे स्टेशनवर उतरले तेव्हा पाठीवर सॅक, एका खांद्यावर पाण्याची बाटली आणि छातीशी कवटाळलेली दोन खोकी, असा माझा अवतार होता. खोक्यांत दोन राउटर. रात्रभर गाडीत ती उशाशी घेऊन झोपले, कारण निघताना आमच्या नागपूरच्या साहेबांनी बजावलं होतं, "मेश्राम, तू उशिरा पोचलीस तरी चालेल, खोकी वेळेवर पोचली पाहिजेत." साहेबांचं आमच्यावरचं प्रेम हे असं.

काम ऐकायला अगदी सोपं होतं. शेतावर फवारणी करायचे पंप बनवणारी एक कंपनी. तिचा कारखाना, गोदाम आणि ऑफिस हडपसरला, म्हणजे शहराच्या पूर्व टोकाला. विक्रीचं ऑफिस वारज्याला, पश्चिम टोकाला. दोन्हीकडे दहाएक कॉम्प्युटर. हडपसरचे आपसात बोलतात, वारज्याचे आपसात. या दोघांच्या मधून व्हीपीएनचा रस्ता काढायचा, म्हणजे चारचौघांच्या इंटरनेटमधूनच, पण बाहेरच्या कोणाला डोकावता येणार नाही असा झाकलेला. एक राउटर इकडे, एक तिकडे. मग वारज्याच्या माणसाला हडपसरच्या गोदामात कोणता पंप शिल्लक आहे ते बसल्या जागी दिसणार. दोन दिवस काम, तिसऱ्या दिवशी पर्वती चढून उतरायची आणि घरी, असा माझा बेत होता. बेत करायला काय जातं.

ज्या शहरात दर जिन्यावर एक कॉम्प्युटर इंजिनियर राहतो, तिथल्या माणसांनी या कामाला नागपूरहून बाई का बोलावली, हा प्रश्न मला नागपुरातच पडायला हवा होता.

स्टेशनबाहेर रिक्षांची रांग. (रिक्षा म्हणजे आपल्याकडचा ऑटो.) पहिल्याला विचारलं, "हडपसरला जाणार का?"

"मी कशाला जाऊ? तुम्हाला जायचंय ना?"

बसले गुपचूप. वाटेत रेसकोर्स लागला, मग सोलापूर रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना चाललेली बांधकामं, काचेच्या उंच इमारती आणि त्यांच्या पायाशी अजून तग धरून असलेले कांदापातीचे वाफे. एप्रिलचं ऊन होतं. रिक्षावाला घाम पुसत म्हणाला, "काय हा उन्हाळा, माणूस मरायचा." मी नागपूरची आहे एवढंच सांगितलं. त्यानंतर हडपसरपर्यंत तो हवामानावर बोलला नाही.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमन. "मोठं मालक आत हायेत. चपला हितंच सोडा."

मोठे मालक साठीचे, पांढरा बुशशर्ट, बोलणं तोलूनमापून. "नागपूरहून आलात? बसा. चहा घेतलाच असेल." घेतला नव्हता, पण वाक्य असं रचलं होतं की नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला कुंकवाची बोटं आणि एक गोल चिकटपट्टी. तिच्यावर ठसठशीत आकडा: १. पलीकडे मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर २, मग ३, असं थेट गोदामाच्या दारापर्यंत.

"वडिलांची शिस्त," ते म्हणाले. "त्यांच्या वेळी किल्ल्यांच्या खुंट्या होत्या. एक नंबरची खुंटी मालकाची. कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही तेच ठेवलं."

मला बरं वाटलं. जिथे आकडे ओळीने असतात तिथे माझं काम सुखाचं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरांचे सगळे पत्ते टिपून घेतले आणि सहज विचारलं, "वारज्याला कसे दिलेत आकडे?" हेच मी नागपूरहून फोनवरही विचारलं होतं. तेव्हा दोन्ही ऑफिसांतून एकच उत्तर आलं होतं, की आधी त्यांचे घ्या, मग आमचे देतो.

"तिकडचं तिकडे विचारा," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

इथे मला पहिल्यांदा शंका आली. उपाशीपोटी काहीही सुचतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

इथला राउटर लावून इंटरनेटची टेलिफोन लाइन नीट चालेपर्यंत दुपार झाली. तेवढ्यात एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, घामाने निथळलेल्या, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. पिशवीतून त्यांनी डबा बाजूला केला आणि त्याच्याखालून फ्लॉप्या काढल्या. या नलिनीताई. कंपनीचे हिशेब बघतात, मालकांच्या वडिलांच्या काळापासून. रोज सकाळी वारज्याच्या ऑफिसात काम करायचं, तिथली विक्री फ्लॉपीत भरायची, दुपारी दोन बस बदलून हडपसरला आणायची, इथला साठा पुन्हा फ्लॉपीत भरायचा आणि संध्याकाळी दोन बस बदलून परत न्यायचा. वर्षानुवर्षं.

"अहो, पण हे मेलने पाठवता येतं की," मी म्हटलं.

"येतं ना. पण आधी पाठवायचा कोणी?" त्या शांतपणे म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही दोघी एकाच बसने निघालो, कारण माझी राहायची सोय कर्वेनगरला एका लॉजवर होती. गाडीतळावर (म्हणजे बसच्या थांब्यावर, बैलगाड्या कधीच्या गेल्या, नाव राहिलंय) बस अशी भरली की खोकं डोक्यावर धरून उभी राहिले. एका आजोबांनी विचारलं, "त्यात काय आहे?" राउटर म्हटलं. ते म्हणाले, "मग ठीक आहे, मला वाटलं काही उपयोगाचं असेल."

स्वारगेटला बस बदलल्यावर जागा मिळाली आणि नलिनीताईंनी सगळं सांगितलं. वडील गेल्यावर दोन्ही भावांचं बिनसलं. मोठ्याने हडपसर धरलं, धाकट्याने वारजे. कंपनी एकच, नाव एकच, पण एकमेकांशी चकार शब्द नाही. एकाचा माणूस दुसऱ्याला चालत नाही. पुण्यातला कुठलाही इंजिनियर बोलावला की तो याचा नाहीतर त्याचा ठरायचा. म्हणून नागपूर. दोघांचाही विश्वास एकट्या नलिनीताईंवर, आणि त्या विश्वासाचं फळ म्हणजे रोजच्या चार बस.

"मग आत्ताच ही व्हीपीएनची घाई का?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. डेक्कनचा पूल आला होता, खाली मुठेचं वाळलेलं पात्र. त्यांच्या यजमानांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. घर वारज्यातच, ऑफिसपासून चालत. सकाळी मध्येच जाऊन त्या बघून येतात. दुपारी शेजारच्या काकू बसतात. त्या काकू रविवारी मुलीच्या बाळंतपणाला सांगलीला चालल्या होत्या, आणि मग पाच-सहा महिने काही परतणार नव्हत्या.

"सोमवारपासून मला दुपारी वारजे सोडता येणार नाही. दोन्ही साहेबांना सांगितलंय, शनिवारपर्यंत जोडलं तर राहते, नाहीतर राजीनामा घ्या. आणि राजीनामा दिला तर घरात दुसरं कमावणारं कोणी नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही कराल ना हो?"

"अर्ध्या तासाचं काम आहे ताई," मी म्हटलं. ही जीभ कोणीतरी आवरायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी वारजे. माळवाडीच्या पुढे डोंगराच्या कुशीत नव्याकोऱ्या सोसायट्या, पाण्याचे टँकर आणि त्यांच्यामागे तंगड्या पसरून झोपलेली कुत्री. पलीकडे खडकवासला भरून उभं आणि इथे नळाला दिवसाआड पाणी, हा पुण्याचा हिशेब मला काही उमगला नाही. नाश्त्याला पोहे मागवले. वर तर्रीचा लाल रस्सा नाही. तर्रीवाचून पोहे, बाप्पा! विचारलं तर हॉटेलवाला म्हणाला, "पोहे खायचे की पोहायचं?" पुढच्या वेळी मिसळ घेतली. तिच्याबरोबर सॅम्पल (जादाचा रस्सा) मात्र फुकट मिळतं, त्यामुळे मी पुण्याला थोडं माफ केलं.

धाकटे मालक बोलके, गॉगल कपाळावर, मोबाइल टेबलावर उताणा. "मॅडम, इथे सगळं मॉडर्न आहे. तिकडे पाहिलंत ना, कुंकू लावतात." मी हसले. मग त्यांच्या कॉम्प्युटरवर नजर गेली. गोल चिकटपट्टी. आकडा: १.

"वडिलांची शिस्त," ते म्हणाले. "एक नंबर मालकाचा."

राउटर लावला. दोन्हीकडचा हिरवा दिवा लागला, म्हणजे रस्ता तयार झाला. पण इकडचं एक अक्षर तिकडे जाईना. जाणार कसं? पत्ते बघितले आणि मी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरच्या पत्त्यात एक आकडा गल्लीचा असतो असं समजा आणि शेवटचा घराचा. हडपसरची गल्ली एक नंबरची, घरं एक, दोन, तीन. वारज्याचीही गल्ली एक नंबरची, घरं एक, दोन, तीन. वारज्याहून कोणी हडपसरच्या तीन नंबरला हाक मारली, की राउटर म्हणतो, तीन नंबर तर इथेच बसलाय, बाहेर कशाला जायचं? दोघेही भाऊ एका बापाची शिस्त इतकी काटेकोर पाळत होते की त्यांची ऑफिसं एकमेकांना दिसेनात. यातून वाट काढणारे महागडे राउटर मिळतात. आमच्या साहेबांनी अर्थातच दुसरे दिले होते.

"काही नाही," मी धाकट्यांना म्हटलं, "तुमच्या गल्लीचा नंबर बदलते. एकऐवजी दोन. तुमचा कॉम्प्युटर पहिलाच राहील."

"दोन?"

"हो."

"म्हणजे दादाचं एक आणि माझं दोन."

"आकडाच आहे हो नुसता."

"मग त्याला द्या की. आकडाच आहे नुसता."

तळपायाची आग मस्तकाला गेली, पण परक्या गावात बाईने तोंड सांभाळून असावं असं आई सांगते. दुपारी नलिनीताईंच्या बसने पुन्हा हडपसर गाठलं. मोठ्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"ऑफिस आधी कुठलं?"

"हडपसरचं."

"मग एक नंबर कोणाचा, हे नागपूरहून येऊन विचारताय?"

जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. मॅनेजर म्हणाले, "वारज्याहून आलात, म्हणजे जेवूनच आला असाल." वारज्याला सकाळी तिथल्यांना वाटलं होतं, मॅडम दुपारी हडपसरला जाणार, तिथे जेवतील. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ही म्हण शाळेत घोकली होती, तिचा अर्थ त्या दिवशी स्वारगेटच्या स्टँडवर वडापाव खाताना नीट कळला.

पुढचे दोन दिवस मी पुण्याचा पूर्व-पश्चिम छेद घेत हिंडले. वैदूवाडी, फातिमानगर, पुलगेट, स्वारगेट, डेक्कन, कर्वे रस्ता, आणि तेच उलट. रस्त्यावर दुचाक्या इतक्या की पावसाच्या दोन थेंबांच्या मध्ये जागा असेल, दोन स्कूटरींच्या मध्ये नाही, आणि प्रत्येकीवर तोंडाला ओढणी गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवलेली मुलगी. एकदा चुकीच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "पाटी वाचता येत नाही का? मराठीतच आहे." पाटी मागच्या बाजूला होती. पर्वती मी रोज बघितली, बसच्या खिडकीतून.

धाकट्यांना समजावलं, मोठ्यांना विनवलं. एक म्हणतो आधी तो, दुसरा म्हणतो आधी तो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ चांगला शाबूत होता. मी खरंच रडायच्या बेतात होते. माझं काय, काम फसलं तर साहेबांची बोलणी खाल्ली असती आणि विसरले असते. पण रोज दुपारी बसमध्ये शेजारी त्या बसलेल्या असायच्या, आणि वाटेत एखादा टेलिफोन बूथ दिसला की उतरून काकूंना फोन करायच्या. ह्यांनी औषध घेतलं का, पाणी प्याले का, कूस बदलून दिली का. मग पुढची बस पकडायची. दीड वर्ष चाललेलं हे सगळं एका आकड्यावर अडलं होतं.

नागपूरला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "कोणाला न सांगता बदलून टाक एकाचा. कोणाला कळतंय?"

खरं सांगते, मोह झाला. नलिनीताईंना विचारलं.

"कळेल हो. आज ना उद्या कोणीतरी बोलून जाईल, आणि ज्याचा बदलला तो राउटर उपटून फेकेल. मग पुन्हा मीच फ्लॉप्या घेऊन बसमध्ये." बस तेव्हा पुलगेटपाशी तुंबली होती. त्यांनी मांडीवरची डब्याची पिशवी सरळ केली. मग म्हणाल्या, "दोघांचाही बदलला तर?"

"चालेल की. कुठलेही दोन वेगळे आकडे चालतील."

"मग एकाला दहा द्या आणि एकाला वीस. बाकी मी बोलते. तुम्ही फक्त मान हलवा."

शुक्रवारी दुपारी हडपसर. नलिनीताई उभ्याच राहिल्या. "साहेब, दोन्हीकडचे जुने आकडे काढायचं ठरलंय. तुमचा दहा."

"धाकट्याचा?"

"वीस."

"म्हणजे आमच्या नंतर."

"नंतरच. आणि बदलायचंही आधी तुम्ही. तुम्ही मोठे."

मोठ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "करा," ते म्हणाले आणि प्रथमच माझ्यासाठी चहा सांगितला. संध्याकाळपर्यंत एकेका कॉम्प्युटरसमोर बसून मी सगळे पत्ते बदलले.

शनिवारी सकाळी वारजे. "साहेब, दादासाहेबांनी आकडा बदलला," नलिनीताईंनी पर्स ठेवतानाच सांगितलं.

धाकटे खुर्चीत सरळ झाले. "आधी? दादाने?"

"कालच. मॅडमनी स्वतः केलं."

मी मान हलवली.

"किती घेतला?"

"दहा."

"आणि मला?"

"वीस."

"दुप्पट," धाकटे म्हणाले. गॉगल डोळ्यांवर आणला, पुन्हा कपाळावर नेला. "करा, करा. कशाला उगीच ताणायचं?"

मान हलवून हलवून माझ्या मानेला रग लागली होती, पण शपथेवर सांगते, त्या बाई दोन्हीकडे एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत. वर्षानुवर्षं एकाचं बोलणं दुसऱ्याला सोसेल अशा शब्दांत पोचवत आल्या होत्या. त्यांच्यासमोर माझा राउटर अगदीच शिकाऊ.

बारा-साडेबाराला शेवटचा पत्ता बदलून झाला. नलिनीताईंच्या कॉम्प्युटरवर हडपसरचा साठा मागितला. क्षणभर काही नाही. मग ओळी उतरायला लागल्या: पंप, नोझल, नळ्या, वॉशर. तेवढ्यात एक आकडा आमच्या डोळ्यांदेखत कमी झाला. हडपसरला कोणीतरी माल काढला होता. नलिनीताई पडद्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच खोटं कशाला बोलू.

धाकटे मालक मागे येऊन उभे होते. "वा. दादाला कळवा, झालं म्हणून."

नलिनीताईंनी पदराने डोळे टिपले, डब्याची पिशवी उचलली. "फोन तुमच्या टेबलावर आहे साहेब. मी घरी जेवून येते." आणि मला म्हणाल्या, "चला, तुम्हीही."

त्याच संध्याकाळी गाडीत बसले. या खेपेला हात रिकामे होते, तरी झोप लागली नाही. नागपूरला उतरले तर घाम फुटला आणि जिवात जीव आला. साहेबांनी विचारलं, "प्रत्यक्ष जोडायला वेळ किती लागला?" अर्धा तास म्हटलं. "मग इतके दिवस काय करत होतीस?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप लिहून काढला. दोन मशिनं जोडणं हे माझं शिक्षण. दोन माणसांना न दुखवता जोडून ठेवणं हे कुठल्या कॉलेजात शिकवतात मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ते येतं त्यांना आपण बसने हिंडवतो.

घरी, गल्लीत, ज्याने त्याने विचारलं, पुण्यात काय पाहिलं? शनिवारवाडा नाही, सारसबाग नाही, पर्वती लांबून. लोक हळहळले. मी पाहिलं ते एवढंच. वारज्याला तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. नलिनीताईंनी नुसतं लोटलेलं दार उघडलं. खिडकीजवळ कॉटवर त्यांचे यजमान उशीला टेकून बसले होते. भर दुपारी, कामाच्या दिवशी, बायकोला दारात बघून त्यांचा चेहरा एकदम उतरला. डाव्या हाताने त्यांनी चादर घट्ट धरली आणि वाकड्या झालेल्या तोंडातून एकेक शब्द ओढून काढत विचारलं, "काय... नोकरी... गेली?"

नलिनीताईंनी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि त्यांच्यापाशी जाऊन बसल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "जेवायला आले."